समुद्रातील दुहेरी पीक

ज्वारीत तुरीची ओळ घालणे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. समुद्रात मात्र असे दुहेरी पीक सुचायला बराच काळ गेला.

१९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटापाशी जाळ्यांच्या पिंजऱ्यांत सॅमन मासा वाढवू लागले. १९९१ साली डेन्मार्कने विंडेबी येथे उथळ समुद्रात ११ पवनचक्क्या रोवल्या. दोन्ही धंदे किनारा धरून होते. पुढे खाड्यांत पिंजऱ्यांची दाटी झाली, माशांना उवा लागू लागल्या. इकडे खोल पाण्यात चक्कीचा खांब तळाशी रोवणे परवडेना. मग २०१७ साली स्कॉटलंडजवळ ५ तरंगत्या चक्क्या साखळदंडांनी नांगरल्या, आणि त्याच वर्षी नॉर्वेने खुल्या पाण्यात ११० मीटर व्यासाचा पिंजरा उतरवला.

या दोघांची गाठ घातली चीनने. २०२३ साली फूच्येन प्रांताच्या समुद्रात एक त्रिकोणी तराफा उभा राहिला: वर पवनचक्की, पोटात मासे. पिंजऱ्याला लागणारी वीज जागच्या जागी!

पण साखळदंड पडले की तिथे कोळ्याला जाळे ओढता येत नाही. बांध घालताना कुणाची वाट अडते, हे आपण आधी पाहतो ना? मग समुद्रालाही तोच न्याय हवा.