धुण्याचा हिशेब

पूर्वी आपल्याकडे परीट दारात आला की घरातली कर्ती बाई वही काढून बसत असे. धोतरे चार, लुगडी तीन, पलंगपोस दोन. आठवड्याने गाठोडे परत आले आणि एखादा उशीचा अभ्रा कमी भरला, तर त्या अभ्र्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले. आयर्लंड देशातल्या कपडे धुण्याच्या मोठ्या मठांतही असाच चोख हिशेब असे. चादरी मोजल्या जात, रुमाल मोजले जात. धुणाऱ्या बायका मात्र कोणी मोजल्या नव्हत्या.

१९९३ साली त्या मोजाव्या लागल्या. डब्लिन शहराच्या ड्रमकोंड्रा भागात हाय पार्क नावाचा मठ आहे. तिथल्या नन्सनी आपल्या जमिनीचा एक तुकडा विकायला काढला. त्या तुकड्यात मठाच्या लाँड्रीत राबून मेलेल्या बायका पुरलेल्या होत्या. १३३ प्रेते हलवण्याचा सरकारी परवाना निघाला, आणि उकरू लागल्यावर सापडली १५५. जास्तीच्या बावीस बायका कोण, कुठल्या, हे विचारायला पोलीस आले असतील असे वाचकांना वाटेल. तसे काही झाले नाही. वाढीव परवाना मिळाला. कित्येकींच्या मृत्यूचे दाखलेच नव्हते. काहींची नोंद होती, पण आईबापांनी ठेवलेल्या नावाने नव्हे, तर मठाने दिलेल्या संतिणीच्या नावाने. बहुतेकींना अग्नी देऊन ती रक्षा ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पुरण्यात आली.

या संस्थांना मॅग्डलेनचे नाव होते. बायबलातील मेरी मॅग्डलेन ही पश्चात्ताप पावलेली पतिता, अशी पूर्वापार समजूत. डब्लिनमधला असा पहिला आश्रम १७६७ साली लेडी अराबेला डेनी या बाईंनी उघडला. त्यांचा हेतू दयेचा होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पुढे हे काम नन्सच्या संघांकडे गेले, आश्रमाच्या लाँड्र्या झाल्या, आणि १९२२ साली देश स्वतंत्र झाल्यानंतरही अशा दहा लाँड्र्या चालू राहिल्या. आत येणाऱ्या साऱ्या 'पतिता' होत्या असेही नाही. कुणी अविवाहित माता, कुणी अनाथालयातून थेट पाठवलेली पोर, कुणी कोर्टाने धाडलेली, कुणी बलात्कार झालेली आणि म्हणून बापाने नाहीतर पाद्र्याने आणून सोडलेली. आत आल्यावर केस कापायचे, नाव बदलायचे, मुकाट्याने चादरी धुवायच्या, इस्त्री करायची. दाराला कुलूप. मजुरी नाही. पळालीच एखादी, तर पोलीसही तिला परत आणून पोचवीत.

इथे आपल्या पुण्याची आठवण होते. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, असे त्यांचे सांगणे होते. तिथल्या एका विधवेचे मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. दया दोन्हीकडे होती. पुण्याच्या घरात बाईला कुलूप नव्हते आणि तिच्याकडून कुणी प्रायश्चित्त मागत नव्हते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आयर्लंडमधली शेवटची लाँड्री १९९६ साली बंद झाली. म्हणजे मामला काही पुराणकाळचा नव्हे. पण न्याय मागायला गेल्यावर सरकार म्हणे, या खाजगी संस्था, आमचा संबंध नाही. मुलांच्या निवासी शाळांतील छळासाठी २००२ साली भरपाईचा कायदा झाला, त्यातून लाँड्र्या वगळल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी 'जस्टिस फॉर मॅग्डलेन्स' ही संघटना उभी राहिली. तिच्या आरंभकर्त्यांत अशा आयांच्या, लहानपणीच दत्तक दिल्या गेलेल्या लेकी होत्या. त्यांना अभ्यासक येऊन मिळाले. २००९ साली शिक्षणमंत्र्यांनी एका पत्रात या बायकांचा उल्लेख 'कर्मचारी' असा केला. मास्तरकीत माझी वीसेक वर्षे गेली. बिनपगारी शिक्षक मी पाहिले आहेत, पण बाहेरून कुलूप लावलेला कर्मचारी अजून पाहिला नाही!

सरकारचा संबंध कागदांनीच सिद्ध झाला. संघटनेने जुने दप्तर धुंडाळले, वृद्ध बायकांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे नेले. २०११ साली त्या समितीने चौकशीची शिफारस केली. मग मार्टिन मॅकॲलीस यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०१३ मधल्या तिच्या अहवालाप्रमाणे १९२२ नंतर सुमारे दहा हजार बायका या लाँड्र्यांत गेल्या, आणि ज्यांना कुणी पाठवले हे कळते त्यांपैकी चौथा हिस्सा सरकारी यंत्रणेने पाठवलेला होता. सरकारी खात्यांचे, लष्कराचेसुद्धा कपडे तिथे धुतले जात. पंतप्रधान एंडा केनी यांनी पहिल्या दिवशी शब्द जपून वापरले. त्यावर टीका झाली. दोन आठवड्यांनी, १९ फेब्रुवारीला, त्यांनी संसदेत क्षमा मागितली आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. वर सज्जात काही वृद्धा बसल्या होत्या. सभागृह उठून उभे राहिले.

भरपाई ठरली ती राहण्याच्या काळावर: कमीत कमी ११,५०० युरो, जास्तीत जास्त एक लाख. घेणारीने सरकारवर दावा लावणार नाही असे लिहून द्यायचे. नन्सच्या चारही संघांनी त्यात पैसा घालायला नकार दिला. शिवाय काळ सिद्ध करायचा कसा? वह्या संघांच्या ताब्यात, आणि त्यांत बाईचे नाव दुसरेच. लाँड्रीला लागून असलेल्या संस्थांतून रोज तिथे राबायला नेलेल्या मुलींना तर आधी योजनेतून वगळलेच होते. २०१७ साली तिथल्या लोकपालाने त्यावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा सरकारला आपला निर्णय बदलावा लागला.

जून २०१८ मध्ये दोनशेंहून अधिक बायका डब्लिनला जमल्या. कुणी इंग्लंडहून, कुणी अमेरिका-ऑस्ट्रेलियातून आलेल्या. राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी बोलावले आणि क्षमा मागितली. संध्याकाळी महापौरांच्या वाड्यात मेजवानी होती. ज्या शहराने या बायकांना भिंतीआड ठेवले होते, तेच शहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच वर्षी शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवरची ती शेवटची लाँड्री एका हॉटेल कंपनीला विकायचा बेत नगरपालिकेच्या सभासदांनी मत देऊन हाणून पाडला. तिथे राष्ट्रीय स्मृतिकेंद्र करायचे, असा सरकारने २०२२ साली निर्णय घेतला.