रविवर्म्याची लक्ष्मी आणि फ्रेमवाला

१८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती तुमच्या-आमच्या आजोबांच्या घरी मुक्कामाला आल्या. (आमच्याकडची लक्ष्मी तसबिरीबाहेर कधी पडली नाही, तो भाग वेगळा!) हौशी बायकांनी त्यांना खरी जर लावली, टिकल्यांचे दागिने चढवले आणि देवी फ्रेमवाल्याच्या ताब्यात दिली.

तिथे आपण सोनेरी पट्टीवर अर्धा तास घासाघीस करतो. पाठीमागच्या पुठ्ठ्याची चौकशी कोण करतो? बँड ठरवावा आणि आचाऱ्याला विसरावे, तसला प्रकार! पण घात करतो तो पुठ्ठाच. स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि गोरीपान सरस्वती तपकिरी पडते. काच चित्राला टेकली, की पावसाळ्यात आत ओल धरते, बुरशी येते, कागद काचेला चिकटतो. चित्राभोवतीची ती रुंद कड नुसती शोभेची नव्हे. काच आणि कागद यांत चिमूटभर हवा राहावी म्हणून असते. आम्लरहित पुठ्ठा मागितला, की फ्रेमवाला आपल्याकडे जावई बघावा तसा बघतो. बघू दे!

छापखाना पुढे मळवलीला गेला आणि १९७२ साली आगीत सापडला. आता भिंतीवरची लक्ष्मी गेली, तर बदली लक्ष्मी तिथून यायची नाही.