उताराची शाळा : अहिल्यानगर जिल्ह्यातील पाणलोट शिक्षणाचा मागोवा

सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधायचे, खालचे पाय फाकवायचे आणि मध्ये एक आडवी काठी ठोकायची. वरून सुतळीला बांधलेला दगड सोडायचा. सुतळी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आले. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण जुळवायची आणि तिथे फक्की टाकायची. असे करत माणूस डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि मागे फक्कीची वळणदार रेघ उरते. तीच समपातळी रेषा. तिच्यावर चर खणला की पावसाचे पाणी उतारावरून पळत नाही, जागीच मुरते. या साध्या चौकटीला पाणलोटाच्या कामात ‘ए-फ्रेम’ म्हणतात.

संगमनेर तालुक्यातल्या उघड्याबोडक्या उतारांवर 1990 नंतर ही चौकट गावकरी स्त्री-पुरुषांच्या हाती आली. त्याच जिल्ह्यात, राहुरीच्या कृषी विद्यापीठात, कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी डम्पी लेव्हलला डोळा लावून हीच रेषा शोधायला शिकत होते. रेषा एक, शाळा दोन. या दोन शाळांचे एकमेकींशी नाते काय राहिले, आणि आता हवामानबदलाच्या व सौरऊर्जेच्या कामांसाठी मनुष्यबळ घडवायचे म्हणताना त्या नात्याकडे का पाहायला हवे, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

जिल्ह्याचा भूगोलच या शिक्षणाचे मूळ आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे धो धो पाऊस. तिथून पूर्वेकडे सरकावे तसा पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि बहुतेक तालुक्यांची गाठ पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या बेभरवशाच्या पावसाशी पडते. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, 1950 मध्ये प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, पुढे मुळा धरण झाले. कालव्याखालचा जिल्हा उसाने हिरवा झाला. कालव्याच्या वरचा जिल्हा मात्र होता तिथेच राहिला. त्याच्यासाठी ज्ञान लागणार होते ते वेगळे: वाहून आणलेल्या पाण्याचे नव्हे, पडेल त्या पाण्याचे.

अशा ज्ञानाचा शोध सरकारी पातळीवर आधीच सुरू झाला होता. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र उभे राहिले. एन. व्ही. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांवर आधारलेली पद्धत पुढे आली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला सक्तीचे बळ दिले. खात्याने आखणी करायची, मजुरांनी माती टाकायची आणि खर्चाचा वाटा शेतकऱ्याच्या नावावर चढायचा, अशी ही रीत होती. तिच्यात दोन उणिवा राहिल्या. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधांमागे पाणी साचून पीक पिवळे पडे, फुगलेली माती उन्हाळ्यात भेगाळे आणि बांध फुटे. अशा जमिनीला पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध हवेत, हे संशोधनाने दाखवून दिले. दुसरी उणीव अभियांत्रिकीची नव्हती. समपातळी रेषा शेताची हद्द ओळखत नाही. ज्याच्या वावरातून बांध तिरका गेला त्याला तो का गेला हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून पुढच्या नांगरटीला तो बांध जागेवर राहीलच याची खात्री नव्हती.

1972 च्या दुष्काळाने ही दुसरी उणीव उघडी पाडली. लाखो माणसे दुष्काळी कामावर आली. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. माणसांना काम मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. पण मस्टरवर नाव असलेल्या मजुराची ओळख खड्ड्याच्या मापापुरतीच होती. चर इथेच का, सांडवा किती रुंद, पाणी भरले तर काय करायचे, हे तिला किंवा त्याला शिकवणे योजनेच्या हिशेबात नव्हते. महाराष्ट्राने मृद्‌संधारणाचे प्रचंड मनुष्यबळ राबवले, घडवले मात्र नाही.

घडवण्याचे काम ज्या संस्थेकडे होते ती याच सुमारास उभी राहत होती. 1968 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले; पुढे त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. राहुरीच्या त्याच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाला आज याच जिल्ह्यातले माजी केंद्रीय कृषी राज्यमंत्री डॉ. अण्णासाहेब शिंदे यांचे नाव आहे. मृद व जलसंधारण, सिंचन, शेतीची अवजारे या शाखांमधून निघालेले पदवीधर शासनाच्या खात्यांत, बँकांत, ठिबकच्या कंपन्यांत गेले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव आला. विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि विद्यार्थिनी ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहू लागल्या. त्या गावाचा नकाशा रांगोळीने काढतात, मातीचे नमुने घेतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवतात. कल्पना उत्तमच. पण कार्यानुभवाचा अहवाल गुणांसाठी महाविद्यालयात जातो आणि पदव्युत्तर प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो. ज्याच्या बांधावर मापे घेतली त्या शेतकऱ्याला तो प्रबंध वाचता येत नाही.

दुसरी शाळा निघाली ती या अंतरातून. राळेगणसिद्धीत 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेल्या कामाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान हे शब्द राज्यभर नेले. फादर हरमन बाकर हे स्विस जेझुइट धर्मगुरू 1948 पासून भारतात होते आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. 1989 मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची बोलणी पुढे गेली. नाबार्ड त्यात सहभागी झाली. 1993 साली बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली.

या कार्यक्रमाची खरी नवलाई त्याच्या क्रमात होती. मोठा निधी पहिल्यांदा येत नसे. आधी क्षमता बांधणीचा टप्पा. गावाने श्रमदान करून दाखवायचे, लहानशा क्षेत्रावर काम करायचे, पाणलोट समितीने हिशेब ठेवायला शिकायचे. हे जमले तर पुढची मंजुरी. आखणीही कचेरीत होत नसे. शेतकरी नवरा-बायको दोघांनी आपल्या गटावर उभे राहायचे आणि कुठे बांध, कुठे चर, कुठे झाड हे तंत्रज्ञाबरोबर ठरवायचे. बाईला सोबत घेण्याचे कारण व्यवहारी होते: पाणी आणि सरपण तीच आणत होती. प्रशिक्षण कामाआधी आले, कामासोबत चालले आणि त्याच उतारावर झाले.

संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या पद्धतीचे नावाजलेले उदाहरण. 1996 ते 2001 या पाच वर्षांत तिथे काम झाले. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात शेतीतली मजुरी वर्षाकाठी तीन-चार महिन्यांवरून नऊ-दहा महिन्यांवर गेली. पण चराईबंदीची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांना ती आधी बसली आणि म्हणून बंदी टप्प्याटप्प्याने आणावी लागली. हा धडा कोणत्याही सूत्रात मावत नाही, तो ग्रामसभेतच शिकावा लागतो. पुढे दरेवाडीतच ‘वॉटर’चे प्रशिक्षण केंद्र झाले. ज्या उतारावर माणसे शिकली, तिथेच इतर गावांची माणसे शिकायला येऊ लागली.

दोन्ही शाळांचा मेळ कुठे दिसतो? हिवरे बाजारला दिसतो. 1989 मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार हे एम.कॉम. झालेले, म्हणजे विद्यापीठाचे पदवीधर. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने गावाला ताळेबंद शिकवला, फक्त पाण्याचा. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात रब्बीला काय बसते ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. मोजणी शास्त्राची, निर्णय गावाचा.

विद्यापीठही थांबलेले नाही. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाचे केंद्र झाले. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी ड्रोन, दूरसंवेदन आणि संवेदकांवर चालणारे सिंचन शिकले. पिकाला कधी आणि किती पाणी द्यावे हे सांगणारी ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’सारखी साधने विद्यापीठाने शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली.

हा सगळा इतिहास आज नव्याने उपयोगी पडणार आहे, कारण ऊर्जेने पाण्याचा हिशेब बदलला आहे. 2017 मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प राळेगणसिद्धीतच झाला. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची जुनी आणि न्याय्य मागणी आहे. बिबट्याच्या भीतीत रात्री दारे धरणाऱ्याला तिचे मोल विचारावे. पण दिवसभर मिळणारी स्वस्त वीज म्हणजे दिवसभर चालू शकणारा पंपही आहे. सौरपंप जोडणाऱ्या तंत्रज्ञाला तारा आणि पॅनेल कळतात. विहिरीच्या खालचा खडक किती पाणी धरतो हे त्याला कोणी शिकवलेले नसते. 1942 च्या बांधाची आणि 1972 च्या चराची चूक इथे तिसऱ्यांदा होऊ शकते: काम होईल, पण ते का आणि कुठवर, हे करणाऱ्याला माहीत नसेल.

ती टाळण्याचे मार्ग या जिल्ह्यातच सापडतात. कृषिदूत आणि कृषिकन्यांचा अहवाल महाविद्यालयात जाण्याआधी मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. पाणलोटाच्या विद्यार्थ्याने एक पावसाळा गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि सौरऊर्जा शिकणाऱ्याने तो आधी पाहावा. आणि ज्या बाईने तीस वर्षांपूर्वी ए-फ्रेम धरून डोंगर आखला, तिला विद्यापीठाने एकदा वर्गात बोलवावे, सत्काराला नव्हे, तास घ्यायला. तिच्याजवळ प्रमाणपत्र नाही. पण कोणता बांध कोणत्या पावसात फुटला आणि तो पुन्हा घालताना काय बदलले, हे तिला माहीत आहे. चर गाळाने भरत चालले आहेत आणि ते आखणारी पिढी थकत चालली आहे. तिच्याकडून शिकायचे असेल तर फार थांबून चालणार नाही.