समुद्राचे मौन आणि जहाजांचा पंखा

समुद्राच्या पोटात सारे नि:शब्द असते, ही काठावर राहणाऱ्या माणसाची समजूत होय. वस्तुत: ध्वनी हवेपेक्षा पाण्यात चौपटीहून अधिक वेगाने धावतो. १८२६ साली कोलादोन व स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात घंटा वाजवून हा वेग मोजला. तो सेकंदास सुमारे १४३५ मीटर भरला. प्रकाश जेथे थोड्याच खोलीवर विझतो, तेथे देवमाशास कान हेच डोळे.

शिडांची गलबते होती तोवर या ध्वनिसृष्टीत माणसाची ढवळाढवळ बेताचीच होती. १८९४ साली चार्ल्स पार्सन्स यांची 'टर्बिनिया' नौका पाण्यात उतरली, तेव्हा यंत्र जोरात फिरे, पण नौका मनाजोगी धावेना. शोधाअंती कळले, की अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यालगत दाब इतका उतरतो, की थंड पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे धरतात, आणि दाब वाढताच ते मिटतात. पार्सन्स यांनी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसविले आणि १८९७ च्या आरमारी संचलनात साऱ्यांना थक्क केले. वाया जाणाऱ्या वेगाची चिंता झाली. बुडबुड्यांच्या आवाजाची कोणास असणार? आज व्यापारी जहाजांचा मुख्य गोंगाट तोच आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ १९६४-६६ ची मोजणी २००३-०४ मध्ये पुन्हा केली, तेव्हा खर्जातील आवाज १० ते १२ डेसिबलांनी चढलेला आढळला. देवमासे साद घालतात तीही याच खर्जात.

याचा त्यांना जाच होतो काय? उत्तर विलक्षण रीतीने हाती आले. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची वर्दळ एकाएकी रोडावली. आवाज ६ डेसिबलांनी उतरला. त्याच सुमारास तेथे राइट जातीच्या देवमाशांची विष्ठा गोळा करणे चालले होते. तीतील ताणाची संप्रेरके घटलेली दिसली. २०१२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणसांच्या आकांताच्या दिवसांत देवमाशांना उसंत मिळावी, हा योग आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो.

जहाजे थांबवा, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या चुलीवरचा गॅसही बराचसा त्यांतूनच येतो. पण पंख्याची घडण सुधारता येते, वेगही उतरविता येतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ साली ती सुधारली. ती पाळणे मात्र जहाजमालकांच्या खुशीवर ठेविले आहे.