ब्रिटनचा माहितीस्वातंत्र्य कायदा : कलमे २३ व २४
२००० साली संमत झालेला हा कायदा १ जानेवारी २००५ पासून पूर्णतः अमलात आला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव (कलम २४) माहिती नाकारताना जनहिताचा विचार करावा लागतो. गुप्तचर संस्थांच्या माहितीला (कलम २३) मात्र ही कसोटीच नाही. कुलूप भक्कम आहे ते इथे.

सुवर्णमंदिरावरील १९८४ च्या कारवाईपूर्वी ब्रिटिश लष्करी सल्लागार भारतात येऊन गेल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. भारताशी संबंध बिघडतील, हा सरकारचा युक्तिवाद अमान्य करून न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये संबंधित बहुतेक कागदपत्रे खुली करण्याचा आदेश दिला. एक फाईल मात्र, गुप्तचर संस्थांविषयीचा मजकूर तीत असू शकेल म्हणून, बंदच राहिली. भारताच्या २००५ च्या कायद्यात अशा संस्थांना दिलेली सूट भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांना लागू होत नाही. ब्रिटिश कलमात तसा अपवाद नाही.