आदिवासी तरुणांचे अर्थशिक्षण : नोतऱ्याच्या वहीपासून बँकेच्या खात्यापर्यंत

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली जनधन योजना, थेट खात्यात जमा होणारी शिष्यवृत्ती आणि मोबाइलवरून होणारे व्यवहार यांमुळे या समाजातील तरुण पिढी बँकिंग व्यवस्थेशी जोडली गेली. तथापि, खाते असणे आणि त्याचा उपयोग उमजणे या भिन्न गोष्टी आहेत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील केवळ २७ टक्के प्रौढ अर्थसाक्षर आढळले होते.

आदिवासी तरुणांसमोर आणखी एक अडचण असते. अर्थसाक्षरतेच्या पाठांतील मासिक पगार, वैयक्तिक मालकी, घर तारण ठेवून कर्ज ही उदाहरणे त्यांच्या जगण्याशी जुळत नाहीत. समाजाच्या स्वतःच्या आर्थिक परंपरेपासून आरंभ करून बँक, विमा आणि कर्ज यांपर्यंत नेणारे शिक्षण, ही संकल्पना त्यामुळे महत्त्वाची ठरते.

हिशेबाचा इतिहास

सावकाराच्या वहीविषयीचा अविश्वास या समाजांत खोलवर रुजलेला आहे आणि त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह येथून सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संथाळ उठावामागे सावकारांचे खोटे हिशेब, अवाच्या सवा व्याज आणि कर्जापोटी करावी लागणारी वेठ ही प्रमुख कारणे होती. ठाणे जिल्ह्यात वारली तरुण लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली या प्रथेविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला. या पार्श्वभूमीवर हिशेब वाचता येणे हे संपत्ती वाढवण्याइतकेच स्वतःचे रक्षण करण्याचे साधन आहे.

परंपरेतील अर्थव्यवहार

आदिवासी समाजाला बचतीची सवय नाही, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. राजस्थानातील बांसवाडा व डूंगरपूर आणि मध्य प्रदेशातील झाबुआ या भागांतील भिल्ल समाजात 'नोतरा' ही प्रथा आहे. लग्नासारख्या मोठ्या खर्चाच्या प्रसंगी कुटुंब आप्तांना व गावकऱ्यांना निमंत्रण देते. येणारा प्रत्येक जण यथाशक्ती रक्कम देतो आणि ती वहीत नावानिशी लिहिली जाते. पुढे देणाऱ्याच्या घरी नोतरा निघाला की घेतलेल्या रकमेत काही भर घालून परतफेड होते.

कर्ज, परतफेड, लेखी नोंद आणि पत या चारही संकल्पना या व्यवहारात आहेत. बँकेच्या कर्जाशी असलेला मुख्य फरकही त्यातूनच समजावता येतो. नोतऱ्यात परतफेडीची वेळ देणाऱ्याच्या गरजेनुसार येते. बँकेत ती तारखेने ठरते आणि हप्ता चुकल्यास बोजा वाढतो. गुजरातच्या शहरांत मजुरीसाठी गेलेल्या तरुणाला मिळकतीचा हिशेब मांडताना गावातील नोतऱ्याचे देणेही दायित्व म्हणून धरावे लागते. प्रचलित पाठांत अशा देण्यासाठी रकाना नसतो.

मिझोराममध्ये 'बुहफाई थाम' ही परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. स्वयंपाकाच्या वेळी गृहिणी मूठभर तांदूळ बाजूला काढते, चर्चमार्फत तो गोळा करून विकला जातो आणि रक्कम सामुदायिक कार्यासाठी वापरली जाते. नियमित, लहान आणि सामूहिक बचतीचे हे उदाहरण आवर्ती ठेवीची संकल्पना समजावण्यास पुरेसे आहे.

ग्रामसभेचा पैसा

१९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभेकडे व वनहक्कधारकांकडे आणली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपानांची विक्री स्वतः सुरू केली.

ग्रामसभेची सदस्यसंख्या मतदार यादीवरून ठरते. त्यामुळे वयाची १८ वर्षे पूर्ण करून यादीत नाव नोंदवणारा तरुण सामूहिक निधीचा भागीदार आणि राखणदार होतो. लिलावाची निविदा, कंत्राटदाराचा करार, बँकेचे विवरण आणि वार्षिक लेखापरीक्षण वाचता येणे ही त्याची तातडीची गरज असते. वैयक्तिक गुंतवणुकीवर भर देणारे पाठ ती भागवत नाहीत.

जमीन, कर्ज आणि हंगाम

आदिवासींची जमीन बाहेरच्या हाती जाऊ नये म्हणून अनेक राज्यांत कायदे आहेत. छोटा नागपूर कुळवहिवाट कायदा १९०८ चा आहे. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेनुसार असे हस्तांतर सरकारी परवानगीविना होत नाही. हे संरक्षण आवश्यकच आहे, मात्र त्यामुळे जमीन तारण ठेवून कर्ज मिळवणे अवघड जाते आणि तरुण बहुधा विनातारण कर्जाकडे वळतो.

या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम निश्चित केले. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिले जाणारे विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त मानले जाते. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत, आणि मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारता येत नाही. तथापि, वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न महिन्याच्या मापात बसत नाही. मोह मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपान उन्हाळ्यात आणि धान दिवाळीच्या सुमारास पैसा आणते, तर पावसाळा टंचाईचा असतो. म्हणून हप्ता ठरवण्यापूर्वी हंगामाचे कोष्टक मांडण्यास शिकवणे उपयुक्त ठरते.

भाषेचा अडसर

कर्जाची माहिती कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात अर्थसाक्षरतेचे साहित्य मुख्यतः आठव्या अनुसूचीतील भाषांत तयार होते. संथाळी व बोडो यांचा त्या सूचीत समावेश आहे. मात्र २०११ मध्ये १ कोटीहून अधिक भाषक असलेली भिली आणि सुमारे ३० लाख भाषकांची गोंडी तिच्याबाहेर आहेत. व्याज, जामीन, वारसनोंद या शब्दांचा अर्थ मातृभाषेत उलगडल्याशिवाय सहीचे गांभीर्य कळत नाही.

व्यवस्था आणि विदेशातील अनुभव

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने गटस्तरीय अर्थसाक्षरता केंद्रांचा प्रकल्प सुरू केला. २०२० ते २०२५ या कालावधीच्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण धोरणाने समुदायाला पाच आधारस्तंभांपैकी एक मानले. सहावी ते बारावीच्या एकलव्य निवासी शाळा आणि आश्रमशाळा यांमुळे तरुणांपर्यंत पोहोचण्याचे जाळेही उपलब्ध आहे.

न्यूझीलंडमध्ये न्गाई ताहू या माओरी समुदायाने २००६ मध्ये 'फाई रावा' ही बचत योजना सुरू केली. त्यात सदस्याच्या बचतीला समुदायाचा निधी जोड देतो आणि ही रक्कम शिक्षण, पहिले घर व निवृत्ती यांसाठी वापरता येते. सामूहिक संपत्ती आणि वैयक्तिक बचत यांचा असा मेळ भारतातील ग्रामसभांनाही विचारार्ह आहे.

कर्जाचा कागद समजत नसल्यास सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे. बँकेविषयीच्या तक्रारीसंबंधी माहितीसाठी १४४४८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.