लखनौहून निघालेलं डेव्हन

३ फेब्रुवारी १९५२ रोजी हवाई दलाचं एक डेव्हन विमान लखनौहून दिल्लीला निघालं, ते दिल्लीला पोचलंच नाही. वाटेत त्याच्या दोनपैकी एका इंजिनाला आग लागली आणि वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी ते उघड्या शेतात उतरवलं. आतले सगळे वाचले. या कामगिरीबद्दल बिस्वास यांना अशोक चक्र (वर्ग १) मिळालं. हवाई दलाच्या वाट्याला आलेलं हे पहिलं अशोक चक्र. पदकाची स्थापना ४ जानेवारी १९५२ ची, म्हणजे विमान पेटलं तेव्हा पदकच जेमतेम महिन्याचं होतं.

घटनेचा मुख्य कागद म्हणजे या पदकाचं सायटेशन. सायटेशन हा प्रकार इतिहास लिहिणाऱ्याला अर्धाच उपयोगी पडतो. त्यात निर्णय सापडतो, निर्णयामागची घालमेल सापडत नाही. शिवाय ते गौरवासाठीच लिहिलेलं असतं, त्यामुळे विशेषणं थोडी बाजूला सारूनच वाचावं लागतं. उरलेलं चित्र विमानाची घडण आणि खालचा मुलूख यांवरून जुळवायचं; नोंदलेलं कुठलं आणि जुळवलेलं कुठलं, ही सरमिसळ मात्र होऊ द्यायची नाही.

डेव्हन म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीच्या ‘डव्ह’ या प्रवासी विमानाचा लष्करी अवतार. खाली बसवलेले पंख आणि प्रत्येक पंखावर एक जिप्सी क्वीन इंजिन: सहा सिलिंडरांचं, हवेनं थंड होणारं. हवाई दलाची त्या काळची बाँबर विमानं म्हणजे लिबरेटर. महायुद्धानंतर कानपूरला भंगारात पडलेली ही विमानं बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानं पुन्हा उडती केली होती. लिबरेटरला चार इंजिनं. एक बंद पडलं तरी तीन उरतात. डेव्हनचं एक गेलं की निम्मी ताकद गेली, आणि उरलेली सगळी एकाच बाजूला. नाक मेलेल्या इंजिनाकडे वळू लागतं. रडरच्या पेडलवर पाय दाबून ते सरळ धरायचं आणि बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला आडवा राहू नये म्हणून त्याची पाती फिरवून धारेवर आणायची. एवढं साधलं की हलकं दोन-इंजिनी विमान एका इंजिनावरही धावपट्टी गाठू शकतं. तसा सराव वैमानिकांकडून करून घेतलाच जातो.

आग लागली की हा हिशेब मोडतो. इंजिन पंखावर, पेट्रोलही पंखात. ज्वाळा किती वेळ पंखाच्या कण्यापर्यंत पोचणार नाहीत, हे कॉकपिटमध्ये बसून कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी वैमानिकाला मोह पडतो तो पुढच्या विमानतळाचा: अजून दहा मिनिटं, अजून पाच. माझ्या मते बिस्वास यांचं खरं धाडस त्या मोहाला बळी न पडण्यात आहे. मागे अर्धा डझन बडे अधिकारी बसलेले असताना विमान शेतात घालायचं म्हणजे फसलं तर चौकशी, आणि साधलं तरी प्रश्न: थोडं पुढे का नाही नेलंत?

लखनौ ते दिल्ली हा गंगा-यमुनेचा सपाट मुलूख. खानदेशातल्या वाचकानं धरणगाव-अमळनेरकडचं, तापीच्या बाजूचं फेब्रुवारीतलं रान डोळ्यांपुढे आणावं. वरून सगळं पाटासारखं दिसतं. खाली उतरू लागलं की बांध, विहिरी, झाडं आणि उभं रब्बी पीक दिसायला लागतं. ताशी शंभर मैलांच्या आसपासच्या वेगानं जमिनीला टेकणाऱ्या विमानाला हातभर उंचीचा बांधही उलथवू शकतो. कुठलं शेत निवडायचं, ते बघायला काही क्षणच मिळतात. एकदा खाली आलं की पुन्हा वर जाऊन दुसरं शोधायची सोय नाही.

आता प्रवाशांची यादी. लेफ्टनंट जनरल एस. एम. श्रीनागेश, मेजर जनरल के. एस. थिमय्या, मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, मेजर जनरल मोहिंदर सिंग चोप्रा, मेजर जनरल सरदानंद सिंग आणि ब्रिगेडियर अजैब सिंग. श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा, थोरात त्याच जिल्ह्यातल्या वडगावचे. श्रीनागेश १९५५ मध्ये लष्करप्रमुख झाले, त्यांच्यानंतर १९५७ मध्ये थिमय्या. म्हणजे लागोपाठचे दोन लष्करप्रमुख त्या एका इंजिनाच्या भरवशावर होते.

थिमय्या आणि थोरात यांची जोडी जुनी. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. शेतातल्या उतरणीनंतर दीड वर्षानं ही जोडी कोरियात होती. थिमय्या युद्धकैद्यांच्या पाठवणीसाठीच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख. तिथे चिनी कैद्यांनी याच दलातल्या मेजर ग्रेवाल यांना छावणीत ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्यांना सोडवून घेऊन आले. थोरातांना अशोक चक्र (वर्ग २) मिळालं. आज त्याला कीर्ती चक्र म्हणतात. त्या डेव्हनचा वैमानिक आणि त्यातला एक प्रवासी असे दोघंही एकाच मालिकेतल्या पदकांचे मानकरी ठरले.

पुढे थोरात पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून पुन्हा लखनौलाच आले. चीनचा हल्ला कसा येईल, हे ‘लाल किला’ या सरावात त्यांनी मार्च १९६० मध्ये तिथेच मांडून दाखवलं. १९६१ मध्ये थिमय्यांना आपल्या जागी थोरात हवे होते. नेमणूक झाली थापर यांची. हे सगळे १९५२ मध्येच गेले असते तर काय झालं असतं, या जर-तरमध्ये मी शिरत नाही. जिवंत असताना दिलेला इशारासुद्धा १९६२ मध्ये कामी आला नाही, एवढं मात्र कागदांवरून म्हणता येतं.

बाँबर जातीच्या विमानाचं, बिस्वास यांच्या निर्णयाशी ताडून पाहण्याजोगं उदाहरण कारगिलच्या युद्धातलं आहे. २१ मे १९९९ रोजी टेहळणीवरच्या कॅनबेराच्या उजव्या इंजिनावर खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र आदळलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि नेव्हिगेटर उ. के. झा यांनी उरलेल्या इंजिनावर विमान श्रीनगरला आणलं. तिथे खाली डोंगर होते. शेतात उतरायचा पर्यायच नव्हता. बिस्वास यांच्यापुढे दोन्ही वाटा होत्या आणि त्यांनी जवळची धरली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर.

इतके वरिष्ठ अधिकारी एकाच विमानात बसवावेत का, हा प्रश्न त्या शेतातच पडायला हवा होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांना अडकून कोसळलं. लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो यांच्यासह सहाही जण ठार झाले. वरिष्ठांनी एकत्र प्रवास करायचा नाही, हा दंडक त्यानंतर आला.